आजींचं लिनोकट करण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांचं लिनोकट करायचं (लिनोलियमच्या लादीवर चित्र कोरायचं आणि शाई लावून कागदावर छाप घ्यायचा; कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला काळा उठतो), प्रती सगळ्या नातेवाइकांना द्यायच्या, आणि मग मित्रांच्या भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणाच्या कामासाठी दुसरं चित्र करून विकायचं, हा बेत मला मनापासून आवडला. माध्यमही योग्य निवडलं आहेस. एकदा लादी कोरली की साताऱ्याच्या आत्याला आणि परदेशातल्या मामाला सारख्याच तोलाचं मूळ चित्र मिळतं. कुणाच्या वाट्याला झेरॉक्स येत नाही.

फोटो मात्र बदल. तो समोरून फ्लॅश मारून काढलेला आहे, त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच उरलेली नाही. एकाच शाईच्या लिनोत काळं आणि पांढरं एवढंच असतं. सावली नसली तर कोरायचं काय? शिवाय आजी त्यात फोटोसाठी बसल्या आहेत. त्या रोज दुपारी वाती वळतात, असं तू पत्रात ओझरतं लिहिलं आहेस. चित्र तिथे आहे. त्यांना खिडकीजवळ बसू दे, उजेड एका बाजूने येऊ दे, आणि हात, कापूस, झुकलेली मान यांचे फोटो काढ. चेहरा तीन चतुर्थांश वळलेला असला तरी चालेल. घरचे लोक त्यांना बसण्यावरून ओळखतील.

नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट केलं. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा आहेत, आणि लक्षात राहतं ते काठी टेकत टाकलेलं पाऊल. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचा धाकटा मुलगा 1914 साली युद्धात मारला गेला. पुढे तिने युद्धावर सात काष्ठछापांची मालिका केली. त्यातल्या शोक करणाऱ्या आई-वडिलांच्या चित्रात दोघांचेही चेहरे झाकलेले आहेत. ती दोन्ही चित्रं समोर ठेव आणि त्यांतला काळा भाग किती, पांढरा किती, एवढंच बघ.

आता रेखाटन. 15 बाय 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी लादी पहिल्यांदा घेऊ नकोस. त्याच मापाच्या कागदावर जाड काळ्या मार्करने चित्र काढ. पेन्सिलीने छटा देऊ नकोस, त्या कोरता येत नाहीत. करडा रंग हवा असेल तिथे समांतर रेषा. उभी ठेवायची काळी रेषा निदान एक मिलिमीटर जाड हवी, नाहीतर छापताना तुटते. सुरकुत्यांच्या बाबतीत हात आवर. फोटोतली प्रत्येक सुरकुती काळ्या रेषेत आली की चेहरा रागीट दिसतो. डोळ्याच्या कोपऱ्यातली एक आणि नाकापासून ओठाकडे येणारी एक, एवढ्या पुरतात. कापूस मात्र पूर्ण पांढरा राहू दे आणि त्यामागची साडी काळी. नजर आपोआप हातांकडे जाईल.

छापल्यावर चित्र उलटं होतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. कार्बन ठेवून चित्र थेट लादीवर उतरवलंस तर छापात पदर उजव्या खांद्यावर जाईल, आणि ते घरातल्या बायकांच्या पहिल्या नजरेत येईल. म्हणून ट्रेसिंग पेपरवर 6बी पेन्सिलीने चित्र गिरव, तो कागद पालथा घालून लादीवर ठेव आणि मागून घास. लादीवर उलटं उतरतं, छापात सुलटं येतं. खाली नाव किंवा तारीख कोरणार असशील तर अक्षरं आरशात वाचून बघ.

लादी घेताना राखाडी, तीन मिलिमीटर जाडीची, मागे तागाचं कापड असलेली माग. जमिनीवर अंथरायचं पीव्हीसी काही दुकानांत लिनोलियम म्हणून मिळतं, त्यावरून हत्यार घसरतं. खरं लिनो जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचं असतं, म्हणून ते जुनं झालं की कडक होतं आणि कडा भुरभुरतात. दहा मिनिटं उन्हात ठेव, मऊ पडेल. कोरण्याआधी त्यावर पातळ केलेल्या लाल शाईचा हात फिरव, म्हणजे कोरलेला भाग लगेच उठून दिसतो.

पाती तीन पुरेत: व्हीच्या आकाराच्या टोकाचं बारीक, तीन मिलिमीटरचं यूच्या आकाराचं आणि मोकळी जागा काढायला आठ मिलिमीटरचं यू. बोथट पात्याला जोर लागतो, जोराने ते निसटतं आणि हाताला लागतं. दर तासाला चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून पातं घासत जा. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. पुढे कधीच नको. एका फळीला खालच्या बाजूने जवळच्या कडेला एक आणि वरच्या बाजूने पलीकडच्या कडेला एक अशा दोन पट्ट्या ठोक. खालची टेबलाला अडकते, वरचीला लादी टेकते, आणि मग लादी धरायला बोटं पुढे न्यावी लागत नाहीत. वळणावर पातं स्थिर ठेवून लादी फिरव. खोल जायचं नाही, एक ते दीड मिलिमीटर बस. तागाचं कापड दिसलं तर फार खोल गेलास किंवा गेलीस, असं समज.

छपाईला तेलाची शाई घे. पाण्याची शाई धुवायला सोपी, पण उन्हाळ्यात काचेवरच वाळायला लागते. काचेवर हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढीच शाई घेऊन रोलर चहूकडे फिरव. बारीक, एकसारखा चरचर आवाज आला की थर बरोबर आहे. चिकट, ओढल्यासारखा आवाज म्हणजे शाई जास्त. लादीवर चार-पाच पातळ हात दे. एकदम जाड थर दिलास तर बारीक रेषा भरून जातात, आणि आजींच्या बोटांचा गोळा होतो. शाई कमी पडली तर काळ्यात पांढरे ठिपके येतात.

कागद गुळगुळीत आणि 100 ते 120 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असू दे. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद देखणा असतो, पण जाड, खरखरीत कागदावर नुसत्या चमच्याने छाप नीट उठत नाही. तो घेतलास तर पातळच घे. कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने लहान गोल फिरवत घास. एक कोपरा उचलून बघत जा, पण दुसरी बाजू दाबून धर. कागद हलला की रेषा दुहेरी होते. पहिले दोन-तीन छाप खराबच येतात, ते वर्तमानपत्राच्या कागदावर काढ. दोरीवर चिमट्याने टांग. कोरड्या हवेत वाळायला चार-पाच दिवस, पावसाळ्यात आठवडा किंवा जास्तही, तेव्हा समारंभाची तारीख मोजून काम सुरू कर.

लादी, काच आणि रोलर आधी खाद्यतेलाने पुस, मग साबणाने. जवसाच्या तेलाच्या शाईची फडकी बोळा करून टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात झाकून ठेव.

पंचवीस प्रती हव्या असतील तर बत्तीस कागद काप. प्रतींचा आकडा आधीच ठरव आणि नंतर वाढवू नकोस. खाली पेन्सिलीने डावीकडे 3/25 (पंचविसांतली तिसरी प्रत) असा क्रमांक, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल.

कुत्र्यांच्या मोहिमेसाठीच्या चित्रालाही वाती वळणाऱ्या आजींचाच नियम लाव. पंजा, हृदय, हातात हात ही चिन्हं सोड. ती कुठल्याही संस्थेच्या पत्रकावर बसतात. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच केलेली असते. ती खाच असलेला, तुमच्या गल्लीतला एकच कुत्रा काढ. काळ्या कानाच्या कडेला ती पांढरी खाच एका कापात येते, आणि ज्यांना तिचा अर्थ माहीत नाही ते विचारतील. मित्रांना बोलायला तेवढं पुरे. चित्रात ओळखू येईल असा माणूस असेल तर आधी त्याला विचार; मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना. पैशाचं सुरुवातीलाच लिहून ठेव: कागद-शाईचा खर्च वजा करून देणार की सगळी रक्कम, आणि ते प्रत्येक चित्रासोबतच्या चिठ्ठीवर छाप. शक्य असेल तर घेणाऱ्याने पैसे थेट काम करणाऱ्यांच्या खात्यात भरावेत, तुझ्याकडे नकोत.

वाती वळतानाचे नवे फोटो आधी पाठव. कच्चे छाप मात्र टपालाने पाठव, पहिले तिन्ही, खराब असले तरी. शाईचा थर मोबाइलच्या फोटोत कळत नाही. कागद हातात आला की कुठे जास्त झाली आणि कुठे कमी, ते पेन्सिलीने खुणा करून परत पाठवतो.

आजींना नमस्कार. कळावे.