बिबट्याने मारलेल्या गुरांच्या भरपाई नोंदींवरून जास्त धोक्याची गावं कशी ओळखायची?

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या नोंदी तुमच्याकडे आहेत, पण गावांची थेट क्रमवारी लावू नका. ज्या गावात शेळ्या जास्त, तिथे घटनाही जास्त दिसणारच. आधी २०१९ च्या पशुगणनेतून गावातली जनावरं घ्या आणि दर शंभर जनावरांमागे नुकसान काढा.

बहुतेक गावांत शून्य आणि मोजक्या गावांत खूप घटना, असा हा डेटा असतो. विचरण, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचं माप, सरासरीपेक्षा बरंच मोठं निघालं तर साधं पॉयसाँ मॉडेल (ते दोन्ही सारखीच धरतं) वापरू नका, त्यात भलतेच घटक महत्त्वाचे ठरतात. जास्तीचं विचरण सामावून घेणारं ऋण द्विपद (negative binomial) मॉडेल घ्या, जनावरांच्या संख्येचा लॉग त्यात ऑफसेट (गुणांक एक असा ठरलेला घटक) म्हणून घाला. जंगलापासूनचं अंतर, केळीखालचं क्षेत्र हे घटक तपासा.

पण माझ्या मते खरी अडचण मॉडेलची नाहीच, नोंदींची आहे. बिबट्या असो वा लांडगा, त्याने कोकरू उचलून नेलं तर मागे काही उरत नाही, मग पंचनामा कशाचा करणार? धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ तर कळप घेऊन फिरत असतात, त्यांचं नुकसान कागदावर फार कमी येतं. काही गावं निवडून घरोघर विचारा आणि नोंदी किती सुटल्यात ते पाहा. हे टाळू नका.

उपाय शोधायचा असेल तर हल्ला झालेला प्रत्येक गोठा आणि त्याच गावातला न झालेला गोठा यांची जोडी लावा. दार, छत, उजेड यांची तुलना सशर्त लॉजिस्टिक रिग्रेशनने, म्हणजे प्रत्येक जोडीच्या आतच तुलना करणाऱ्या पद्धतीने, करा.