आधी चाक नको, भट्टी शोधा

नमस्कार ताई, पत्र वाचलं तुमचं. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, घरी शाडू मातीत वाट्या, पणत्या करत बसते, सिरॅमिकमध्येच करिअर करायचं म्हणते, आणि तिचे बाबा म्हणतात चाकाशिवाय कसलं कुंभारकाम, म्हणून कर्ज काढून इलेक्ट्रिक चाक घ्यावं का असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मणिपूरमध्ये लोंगपी गावात तांगखुल नागा लोक दगडाची पूड आणि मातीसारखा भुसभुशीत दगड मळून चाकाशिवायच काळी भांडी करतात, आणि ती थेट चुलीवर चढतात! हाताने घडवणं हे पूर्ण काम आहे हो, बाबांना हे नक्की सांगा. पिंच (गोळा चिमटीत दाबत घडवणं), कॉइल (मातीच्या वळ्या एकावर एक रचणं), स्लॅब (माती लाटून पाट करून जोडणं) या तीन पद्धतींत खूप काही होतं. चौकोनी टाइल किंवा भिंतीवरचं म्युरल चाकावर होतच नाही, ते स्लॅबचं काम, आणि आर्किटेक्टकडून मागणी येते ती अशाच कामांना.

तिला खरी गरज आहे ती भट्टीची. शाडूची वाटी कच्चीच राहते, पाण्यात विरघळते. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भाजलेली भांडी, साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात, आणि माती कशी वागते ते तिथेच कळतं, म्हणजे जाड बुडात ओल राहिली की वाफ होऊन भांडं फुटतं, कान नुसता चिकटवला तर सुकताना सुटतो (दोन्हीकडे खरवडून मातीची पातळ लापशी लावायची आणि मग दाबायचं). म्हणून चाकाचे पैसे बाजूला ठेवा आणि जवळपासचा एखादा स्टुडिओ पैसे घेऊन वस्तू भाजून देतो का ते विचारा, बरेच जण देतात.

कॉलेजचं म्हणाल तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, बी.डेस.ला (डिझाइनच्या पदवीला) कॉमर्सवाले चालतात, डॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तयारी आत्तापासूनच हवी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही सिरॅमिक शिकवतात. सुरुवातीला नुसते मग विकून घर चालणार नाही हे मी लपवणार नाही, क्लासेस, स्टुडिओत असिस्टंटचं काम, ऑर्डरी असं मिळूनच उत्पन्न जमतं. पण ज्या मुलीचे हात रोज मातीत आहेत तिला मी तरी अडवणार नाही.

आणि एक, वाळलेली माती घरात झाडूने झाडू देऊ नका, ओल्या फडक्यानेच पुसायची. त्या धुळीत सिलिका असते, वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुफ्फुसं खराब होतात. ही सवय आजच लावा तिला.