मंडळीच्या (चर्चच्या) जागतिक सेवाकार्यासाठी प्रार्थना पाच मिनिटांत संपते, काय करावं?

संपते, कारण मागणं मोघम असतं. 'प्रभू, सगळ्या जगाला आशीर्वाद दे' म्हटलं की पुढं बोलायला काही उरतच नाही.

बुधवारच्या सभेत वीस मिनिटं वेगळी काढा. आठवड्याला एकच देश घ्या, भिंतीवर नकाशा लावा. तीन चिठ्ठ्या करून तिघांना आधीच वाटा: तिथल्या मंडळीसाठी, सुवार्ता सांगणाऱ्या कामकऱ्यांसाठी, ती अजून ऐकली नाही त्यांच्यासाठी. प्रत्येकानं दोन-तीन वाक्यंच बोलायची. एकानंच दहा मिनिटं घेतली की बाकीचे पेंगतात, हे ठरलेलं.

शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या प्रेषित पौलाची मागणी घ्या: वचनासाठी दार उघडावं (कलस्सै ४:३), धैर्यानं बोलता यावं (इफिस ६:१९). मत्तय ९:३७-३८ वाचाच: पीक फार, पण कामकरी थोडे. सोयाबीन काढणीला मजूर मिळत नाहीत तेव्हा जीव कसा खालीवर होतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. येशू त्याच तळमळीनं कामकरी मागायला सांगतो.

आणि 'मिशन म्हणजे गोऱ्यांचं काम' असं कुणी म्हणालं, तर जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव दाखवा. ते एका भारतीय पाळकानं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं.

महिन्यातून एकदा जुन्या चिठ्ठ्या काढून काय बदललं ते बघा. बहुतेक मंडळ्या नेमकं हेच विसरतात.