पहिल्या महिन्यात मुलांना तुझाच पेपर तपासायला दे

अनेक आशीर्वाद.

पीएचडीच्या गाईडशिपचं पत्र आलं आणि दोन विद्यार्थी नोंदवलेसुद्धा, हे कळलं. पेढे मात्र घरी येऊन द्यायचे. फोनवर तू विचारलंस, 'सर, ओपन सायन्स मुलांना वेगळं शिकवायचं म्हणजे काय? कोर्सवर्कमध्ये येतंच की ते.' पेपरामागचा डेटा आणि हिशेबही सगळ्यांना तपासायला खुला ठेवायचा, हे ओपन सायन्स कोर्सवर्कमध्ये येतं खरं. युजीसीने डिसेंबर २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा कोर्स पीएचडीच्या सगळ्या मुलांना सक्तीचा केला. त्याच्या ३० तासांतले ४ तास पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावेत याचे, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेसचे. ४ तासांत सायकलसुद्धा येत नाही गं. मुलं व्याख्या लिहून पास होतात आणि प्रबंध द्यायच्या आठवड्यात शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी, सीडी कुणाकडे द्यायची, एवढंच विचारत फिरतात.

म्हणून स्लाइड्स बाजूला ठेव. पहिल्या महिन्यात दोघांनाही एकेक छापलेला संशोधनाचा पेपर दे आणि त्यातली कोष्टकं मूळ डेटावरून पुन्हा काढायला सांग. शक्यतो तुझाच पेपर दे.

हे मी कुठून उचललं ते सांगतो. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्के निघतो. काटकसरीची बाजू घेणाऱ्या राजकारण्यांना तर आयताच दाखला मिळाला. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. वर्गातला गृहपाठ म्हणून त्याने तो पेपर पुन्हा करायला घेतला, पण आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली (ही गोष्ट सांगताना लोक एवढंच विसरतात). एक्सेलच्या सूत्रात ५ देशांच्या ओळी सुटल्या होत्या. त्याने आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर २०१३ मध्ये नवा हिशेब मांडला, तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले.

सगळे त्या सुटलेल्या ओळींवर हसतात. पण मोठा फरक त्या ओळींमुळे पडलेला नव्हता. काही देशांची काही वर्षं हिशेबात नव्हती, आणि एकच वर्ष कर्जबाजारी राहिलेल्या देशाला १९ वर्षं राहिलेल्या देशाइतकंच वजन दिलं होतं. हे निर्णय छापलेल्या पेपरवरून कुणाच्या ध्यानात आले नाहीत, फाइल उघडल्यावर आले. तुझ्या मुलांना हे ऐकून कळणार नाही. स्वतः आकडे जुळवताना रात्री ११ वाजता डोकं धरून बसतील, तेव्हा कळेल.

तुझाच पेपर का, तेही सांगतो. माझ्या १९९८ च्या पेपरमधला डेटा काही वर्षांनी एका परक्या संशोधकाने मागितला. मोठ्या ऐटीत कपाट उघडलं. फ्लॉपी सापडली, पण वाचली जाईना. छापील कागद सापडले, त्यांवर रकान्यांची नावं 'उं१', 'उं२' आणि 'उं२ नवीन'. कुठली उंची पावसाळ्यापूर्वीची, हे मला स्वतःलाच सांगता आलं नाही. त्याला मी 'डेटा सध्या उपलब्ध नाही' असं लिहून पाठवलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. गाईडची ही फजिती मुलांनी पहिल्याच महिन्यात पाहिली, तर स्वतःची फाइल नीट ठेवायला त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

सवयी थोड्याच लावायच्या. मूळ नोंदींच्या फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती प्रतीत करायची आणि ती कोडने, म्हणजे लिहून ठेवलेल्या संगणकी आज्ञांनी करायची, म्हणजे काय बदललं ते दिसतं. प्रत्येक फोल्डरमध्ये साधी रीडमी फाइल हवी: रकान्याचा अर्थ, एकक, मोजणी कुणी आणि कधी केली. मराठीत लिहिली तरी चालेल. एक्सेलवर आंधळा विश्वास नको. त्याने जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकल्या, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली. सप्टेंबर वाटणारं SEPT1 आता SEPTIN1 झालं. काम पुरं झालं की डेटा झेनोडोसारख्या ऑनलाइन साठ्यात ठेवावा. युरोपातली सर्न ही संशोधनसंस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत, डेटाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो.

आता उलट बाजू, आणि इथे तुला जास्त जपायचं आहे. उत्साहात मुलं सगळंच उघडं करतात. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कंदीलपुष्पाच्या काही जाती मोजक्या जागीच उरल्या आहेत. त्यांचे जीपीएसचे आकडे पाच दशांशांपर्यंत टाकलेस, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे कंद उकरलेले खड्डे दिसतील. जागा तालुक्यापुरती सांगावी, नेमके आकडे कुलपात ठेवावेत आणि तसं लिहावं. तुझा दुसरा विद्यार्थी रानभाज्यांच्या मुलाखती घेणार आहे ना? पाड्याचं नाव, वय आणि 'वैदूपण करणारी बाई' एवढं लिहिलं की तिचं नाव गाळून उपयोग काय? पाड्यावर तशी एकच असते. संमतीपत्रातच विचारायला हवं, की हे इतरांना दाखवू का, किती दाखवू. नंतर विचारायला गेलं तर ती 'हो' म्हणेल, कारण तोवर तुम्ही तिच्या घरी चार वेळा चहा प्यायलेले असता. ते 'हो' धरायचं नाही.

मुलं म्हणतील, प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलात छापण्याआधीचा मसुदा, ऑनलाइन टाकला तर कुणी कल्पना चोरेल. टाकला की तारीख पडते, चोरीला तीच आडवी येते. याहून जास्त वेळ त्या भीतीवर घालवू नकोस.

पैशांबद्दल मात्र बजावून ठेव. 'ओपन अ‍ॅक्सेस, ८ दिवसांत स्वीकार' अशी, छापायचे पैसे मागणाऱ्या जर्नलांची ईमेल त्यांना रोज येणार. युजीसीच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, तेव्हा घाईचं कारण उरलेलं नाही. युजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे जर्नल पारखायचं काम आता तुझ्याच गळ्यात. पैसे न भरताही पेपर खुला करता येतो. पुष्कळ जर्नलं स्वीकारलेला मसुदा ठरावीक मुदतीनंतर रिपॉझिटरीत, म्हणजे खुल्या ऑनलाइन साठ्यात, ठेवू देतात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४ चं धोरण तर त्यांच्या निधीतल्या कामासाठी तेच मागतं. अटी वाचायचा कंटाळा तू करू नकोस, मग मुलंही करणार नाहीत.

आणि पदोन्नतीच्या फॉर्मात यातल्या कशालाच रकाना नाही, हे मला ठाऊक आहे. मी समितीवर बसून तेच फॉर्म भरून घेतले आहेत, त्यामुळे त्यावर तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही.

सोबत माझ्या २००६ च्या पेपरची फाइल पाठवतोय, फिल्डबुकाची पानं स्कॅन करून. १७ व्या क्वाड्रॅटमधल्या (मोजणीसाठी आखलेल्या चौकोनातल्या) गवताच्या जाती मला आता जास्त वाटतात. त्या दिवशी पाऊस होता आणि आम्ही दोघं आळीपाळीने मोजत होतो. तुझ्या मुलांपैकी जो हे करेल, त्याला काही सापडलं तर फोन तू करू नकोस, त्यालाच करू दे. दुपारी ४ नंतर मी मोकळाच असतो.

तुझे
सर