अंकीतली थकबाकी आणि दोन सारखी कांजी

प्रश्न : डिसेंबरच्या जेएलपीटी एन-४ (जपानी भाषेची परीक्षा) साठी अंकी या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या ॲपवर रोज २० नवी कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) घेत होते. गणपतीत सात दिवस खंड पडला आणि ६४० कार्डं साठली. शिवाय ‘मात्सु’ आणि ‘मोत्सु’ दर वेळी चुकतात. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुसू नका. कुठलं कांजी किती पक्कं झालंय याची आजवरची नोंद त्यासोबत जाईल. रोज २० नवी हा आकडाच नोकरी करणाऱ्याला जड आहे. डेकच्या (कार्डांच्या संचाच्या) ऑप्शन्समध्ये नवी कार्डं ० आणि उजळणी १०० करा. कार्डामागे दहा सेकंद धरली तर सतरा मिनिटं, म्हणजे लोकल ठाण्याला पोचेपर्यंत काम होतं. पहिल्या आठवड्यात ढीग फारसा हलणार नाही. नव्यांची भर थांबल्यामुळे नंतर तो उतरू लागेल. संपला की रोज ५ नवी घ्या.

आठवलं नाही तर ‘अगेन’ हेच बटण दाबा. जिवावर येतं म्हणून ‘हार्ड’ दाबलंत तर अंकी ते ‘आठवलं’ असं धरतं आणि न येणारं कार्ड पुढे ढकलतं. एफएसआरएस, म्हणजे उजळणीच्या तारखा ठरवणारी अंकीतली पद्धत, चालू असेल तर तिचं मुळात ठरलेलं लक्ष्यच ९० टक्के आठवण्याचं असतं. शंभरातली दहा तुम्ही विसरणार, हे धरूनच तारखा पडतात.

आता ती जोडी. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे, ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणे. दोन्हींचा उजवा भाग एकच, ‘तेरा’ म्हणजे देऊळ, आणि नजर तिथेच अडकते. फरक डावीकडे आहे. ‘मोत्सु’त हात आहे : तळाशी आकडा असलेली उभी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन रेघा. ‘मात्सु’त वर दोन तिरप्या रेघा, खाली एक उभी. चौकटीच्या वहीत दोन्ही शेजारी-शेजारी पाचदा लिहा, डावा भाग मोठ्याने ओळखत. मग कार्डावर सुटं अक्षर न ठेवता वाक्य घाला : ‘बासु ओ मात्सु’, बसची वाट पाहणे, ‘काबान ओ मोत्सु’, बॅग धरणे. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अंकी ‘लीच’ (सारखं विसरलं जाणारं कार्ड) अशी खूण करतं. तेही असं बदलूनच परत घ्या.

अर्थावरून कांजी लिहायची कार्डंही डेकमध्ये असतील तर ती सध्या सस्पेंड करा. जेएलपीटीत हाताने लिहावं लागत नाही, पर्याय निवडायचे असतात.