गोळी सुटली किती वाजता?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. भाचा नुकताच फौजदार झाला, बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, त्यावरून घरात जेवताना वाद पेटला. तुम्ही म्हणालात, पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर पोलिसांवर खुनाचा गुन्हा का नोंदत नाहीत? भाचा म्हणाला, प्रत्येक गोळीला खून म्हणणार असाल तर आम्ही पिस्तूल कपाटातच ठेवतो. आणि आता तुम्हाला दोघांपैकी बरोबर कोण ते हवंय.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवाल. तीस वर्षं मी फौजदारी कोर्टात वकिली केली, बहुतेक आरोपींच्या बाजूने. पण पक्षकारांत निलंबित पोलिसही होते, आणि रात्रीच्या बंदोबस्तावरून येऊन सकाळी अकराला पिंजऱ्याशेजारी उभ्याउभ्या पेंगणारे हवालदार रोज बघितलेत.

गुन्हा नोंदवला जातोच. फक्त तो मेलेल्या माणसावर नोंदवला जातो. ही गोष्ट कोर्टाबाहेरच्या माणसाला सांगितली की त्याला खरी वाटत नाही. चकमकीतला पोलिसच फिर्यादी असतो. मृतावर पोलिसांना ठार मारण्याचा प्रयत्न, सरकारी कामात अडथळा, बेकायदा शस्त्र बाळगणं अशी कलमं लागतात. आरोपी मेलेला, म्हणजे खटला चालणार कोणावर? मग ‘अबेटेड समरी’ होऊन फाईल बंद. जुन्या फिर्यादी वाचल्या की भाषा पाठ होते. खात्रीलायक बातमी मिळाली, सापळा लावला, शरण येण्यास सांगितले असता त्याने आमच्या दिशेने फैरी झाडल्या, स्वसंरक्षणार्थ गोळीबार करणे भाग पडले, साथीदार अंधाराचा फायदा घेऊन पसार झाले. आमचे सीनियर अशी फिर्याद हातात आली की शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "त्या रात्री पौर्णिमा होती का रे, पंचांग बघ." एकदा खरोखरच होती.

आता भाच्याची बाजू, कारण त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला गोळी चालवण्याचा हक्क कायदा देतो. पण तो हक्क तुम्हाला-मला आहे तोच, वर्दीमुळे त्यात काही वेगळी भर पडत नाही. अटक करताना पळणाऱ्याला रोखायला बळ वापरता येतं, मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव त्यासाठी घेता येत नाही. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४६व्या कलमात होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमात आहे. त्यामुळे गोळी चालवली म्हणजे खून केला, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. गोळी का चालवली हे सांगण्याची जबाबदारी गोळी चालवणाऱ्याची, एवढंच कायदा म्हणतो.

माझ्या मते खरा वाद पोलिसांच्या बाजूचे आणि विरोधातले असा नाहीच. पहिल्या चोवीस तासांतले कागद कोणी लिहिले, किती वाजता लिहिले आणि ते कोणाच्या ताब्यात राहिले, यावर सगळं ठरतं. हे पटवायला लखनभय्या प्रकरणाइतकं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्या याला भर दुपारी वाशीतून उचललं, बरोबर एक मित्र होता, त्यालाही. रात्री वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली आणि त्यात लखनभय्या मारला गेला, असं पोलिसांनी सांगितलं. रोजच्यासारखी बातमी छापून आली असती आणि विषय संपला असता. पण मृताचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने दुपारीच वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले: माझ्या भावाला साध्या वेशातल्या माणसांनी नेलंय, त्याला चकमकीत मारतील अशी भीती वाटते. तारेवर वेळ असते, फॅक्सवर वेळ असते. ‘चकमक’ घडण्याच्या काही तास आधीच ती घडणार असल्याचं सरकारी कागदावर शिक्क्यानिशी नोंदलं गेलं होतं! हा शिक्का कोणत्याही साक्षीदारापेक्षा भारी. साक्षीदार फितूर होतो, घाबरतो, विसरतो. तारघराच्या शिक्क्याला घाबरवता येत नाही.

साक्षीदाराचं काय झालं तेही ऐका. लखनभय्याबरोबर उचललेला तो मित्र खटल्यातला मुख्य साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या काही दिवस आधी, तो बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. तरीही खटला उभा राहिला तो कागदांवर, मोबाइलच्या नोंदींवर आणि बंदुकीच्या तज्ज्ञांच्या अहवालावर. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायदंडाधिकाऱ्यांनी २००८ मध्ये चौकशी करून सांगितलं की हा माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि तेव्हा कुठे पोलिसांवर खुनाचा गुन्हा लागला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यातले १३ पोलिस. (योगायोग असा की देशातली तार सेवा त्याच महिन्यात बंद झाली.) चकमकफेम अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले. २०१५ मध्ये सरकारनेच दोषी पोलिसांपैकी अकरा जणांची शिक्षा स्थगित केली, त्यावरून पुन्हा कोर्टबाजी. आणि १९ मार्च २०२४ ला न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. त्यांचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्यांना तूर्त दिलासा मिळाला. पण २००६ ते २०२४, म्हणजे अठरा वर्षं! मृताचा भाऊ वकील नसता, शेतमजूर किंवा रिक्षावाला असता, तर त्या फाईलचं काय झालं असतं हे मी वेगळं सांगायला नको.

भाच्याला याच प्रकरणातला एक जुना आदेश वाचायला द्या. २०११ मध्ये पोलिसांच्या जामिनाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्या. मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठाने बजावलं की वरिष्ठाने बनावट चकमकीचा बेकायदा हुकूम दिला तर तो नाकारणं हे कनिष्ठाचं कर्तव्य आहे, ‘साहेबांनी सांगितलं’ हा बचाव चालणार नाही. त्यासाठी त्यांनी न्यूरेंबर्गच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्यांचा दाखला दिला. नव्या फौजदाराला नेमकं हेच कोणी सांगत नाही. वर्तमानपत्रात फोटो साहेबांचा येतो, पण पुढे तुरुंगात साहेबांबरोबर शिपाईही जातो.

आता नियमांविषयी. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मारली गेली, त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली. निकाल लागला २३ सप्टेंबर २०१४ रोजी; न्या. लोढा आणि न्या. नरिमन यांनी सोळा सूचना घालून दिल्या. सगळ्या सांगत बसत नाही, पण भाच्याला लागतील त्या सांगतो. गुन्हेगाराची खबर मिळाली तर ती आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदवायची, पुरेशी मोघम ठेवली तरी चालेल. मृत्यू झाला तर तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलिस ठाण्याच्या पथकाने करायचा, आणि त्यावरचा अधिकारी चकमकीच्या म्होरक्यापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं, त्याचं चित्रीकरण करायचं. वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायलाच हवी. आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही: चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच. चकमकींचं आकर्षण कुठून येतं हे त्या न्यायमूर्तींना नेमकं कळलं होतं.

त्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत बदलापूर प्रकरणातला आरोपी गोळी लागून मेला. तळोजा कारागृहातून त्याला तपासासाठी नेत होते. पोलिसांचं म्हणणं, त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर झाडली. शहरात ‘बदला पुरा’ अशी पोस्टर्स लागली. शाळेतल्या इवल्याशा मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप होता, लोकांचा संताप खोटा नव्हता. तो मीही अनुभवला, घरात नातवंडं आहेत. पण पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते, बळाचा वापर अवाजवी होता, आणि गाडीतल्या पाच पोलिसांना त्यात जबाबदार धरलं होतं. तरी सरकार गुन्हा नोंदवायला तयार नव्हतं, अकस्मात मृत्यूचा तपास सीआयडी करतेय हे कारण. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ते पथक पोलिस महासंचालकांनी नेमावं एवढा बदल केला. ते पाच जण दोषी आहेत असं यावरून म्हणता येत नाही, ते खटल्यात ठरेल. मधल्या काळात मृताच्या आईवडिलांनी न्यायालयात सांगितलं की आम्हाला हे पुढे चालवायचं नाही. न्यायालयाने ते तिथे सोडलं नाही, मदतीला ज्येष्ठ वकील नेमून सुनावणी चालू ठेवली. गरीब, बदनाम झालेलं कुटुंब किती दिवस टिकणार? म्हणूनच तुमच्या मूळ प्रश्नात मी तुमच्या बाजूचा आहे: गुन्हा नोंदवणं कुटुंबाच्या चिकाटीवर सोडता येत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी भाच्याच्या बाजूचा. सुनावणीत ‘पायावर का नाही मारली’ हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी तोच उचलून धरला. चालत्या बंद गाडीत, दोन हातांच्या अंतरावर झटापट चालू असताना पाय नेमून मारायचा, हे सिनेमात होतं. खरोखर झटापट झाली असेल तर गोळी कुठेही लागू शकते. म्हणून मला तो प्रश्न कमजोर वाटतो. ठसे का नाहीत, आरोपीच्या आवाक्यात पिस्तूल आलंच कसं, गाडीत इतके पोलिस असताना एक माणूस आवरला का गेला नाही, हे प्रश्न जास्त अवघड आहेत आणि त्यांना नेमबाजीचं उत्तर चालत नाही.

हैदराबादचं उदाहरण तुमच्या घरात कुणीतरी दिलंच असेल. डिसेंबर २०१९ मध्ये पशुवैद्यक तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे मारले गेले, पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते न्या. विकास सिरपूरकर, नागपूर खंडपीठात वकिली केलेले आपलेच. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल उघड झाला: ठार मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि चारपैकी तीन जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल, देव जाणे.

तुम्ही सीसीटीव्हीचंही विचारलंत. पोलिस ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण शक्यतो अठरा महिने ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२०चा आदेश आहे. पण हव्या त्या दिवशी कॅमेरा बंद होता, असं उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर विसंबू नका. नातेवाइकाला उचलल्याचं कळलं तर तार गेली, पण ईमेल आहे, ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे. तासाभरात लिहा, पोलिस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना आणि दंडाधिकाऱ्यांनाही. भाषा साधी ठेवा. कुठून नेलं, किती वाजता नेलं, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो.

आणि भाच्याला म्हणावं, पिस्तूल कपाटात ठेवू नकोस. ठाण्यातून निघताना स्टेशन डायरीत नोंद स्वतःच्या अक्षरात कर, किती काडतुसं घेतली ते लिही, आणि परतल्यावर पुंगळ्यांचा हिशेब दुसऱ्याला लिहू देऊ नकोस. माझ्याकडे आलेल्या पक्षकारांतला एक हवालदार सुटला होता तो याच एका सवयीमुळे. त्याच्या पथकातले बाकीचे दोघे, ज्यांची नोंद ठाणे अंमलदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच शाईने भरली होती, त्यांना पुढे सहा वर्षं माझ्याकडे हेलपाटे घालावे लागले.