टेल लाइटवर मारलेला काळा स्प्रे बिघडला, आता काढू कसा? थिनर चालेल का?

थिनरची बाटली आधी खाली ठेवा, मग बोलू.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही टेल लाइटवर स्मोक टिंटचा (आरपार दिसणारा काळपट थर देणारा) स्प्रे मारला, ओघळ आले, खालच्या कडेला थेंब वाळून बसलेत आणि गल्लीतला पेंटर म्हणतो, ‘थिनरनं पुसा, दोन मिनिटांचं काम.’ पत्र्यावरच्या रंगाची त्याला सवय आहे, म्हणून तो तसं म्हणतो. टेल लाइटची ‘काच’ मात्र बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्रिलिकची असते, आणि अ‍ॅक्रिलिकला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यातलं काहीच सोसत नाही.

माझा डावा दिवा असाच गेला. मे महिना, नागपूरचं ऊन, दुपारी चारला गच्चीवर मी डबा हलवत उभा. लांबून मारला तर रंग हवेतच वाळून खरखरीत बसायचा, म्हणून डबा जवळ नेला, तर ओघळ. मोठा भाऊ वर आला आणि म्हणाला, ‘काय करून राहिला बे? चांगला होता ना लाइट!’ त्या रागात मी थिनरचं फडकं फिरवलं. रंग झर्रकन निघाला, मी खूश. दहा मिनिटांनी उन्हात धरून पाहिलं तर जुन्या कपाच्या आतून जातात तशा केसाएवढ्या बारीक चिरा सगळीकडे. त्या प्लास्टिकच्या आत असतात, कितीही घासा, जात नाहीत. तो दिवा फेकावा लागला. उजवा मात्र वाचला, तो कसा ते सांगतो.

आधी दिवा काढून घ्या. डिक्की उघडली की बाजूला दोनेक स्क्रू दिसतात. ते काढून दिवा सरळ मागे ओढायचा आणि कपलर (तारांचा जोड) सोडवायचा. काही गाड्यांत आतून क्लिप असते, तिथे जोर लावू नका. काढायचा नसेल तर भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर तरी लावा, नाहीतर दिवा चमकेल आणि बंपरवर ओरखडे येतील.

मग नखानं एक कोपरा उचलून बघा. रबरासारखा सोलून निघणारा स्प्रे असेल तर सालीसारखा निघेल आणि काम तिथेच संपलं. नाही निघाला तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडा. स्प्रे दोन-चार दिवसांचाच असेल तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आधी कोपऱ्यात करून पाहा. पुसलं की लगेच पाण्यानं धुवा. ओलं फडकं दिव्यावर ठेवून चहा प्यायला जाऊ नका, कारण अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोलही फार वेळ चालत नाही. ब्रेक ऑइलनं रंग मऊ होतो असं बरेच जण सांगतील. मी त्या वाटेला जात नाही, एक थेंब बॉडीवर पडला तर तिथलाही रंग उचलतो.

जुना, वरून क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) मारलेला रंग यातल्या कशानंच निघत नाही. तिथे वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर. हार्डवेअरच्या किंवा गाडीच्या रंगाच्या दुकानात 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे मागा; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, म्हणून याच क्रमानं वापरा. पेपर आधी बादलीत भिजू द्या, पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाका. 800 फक्त ओघळ आणि थेंब सपाट करण्यापुरता. लाल प्लास्टिक दिसू लागलं की तिथे तो थांबवायचा. सुरुवातीला पाणी काळं निघेल. ते लालसर निघायला लागलं की समजा दिव्याचंच प्लास्टिक घासलं जातंय. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, एकदा आडवं, एकदा उभं, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मला एका दिव्याला सगळा रविवार गेला, त्यातला अर्धा 1000 वर. हा नंबर घाईत उरकला की शेवटी पॉलिश करताना पस्तावता.

2000 झाल्यावर दिवा दुधाळ दिसेल. घाबरू नका, त्यावर पाणी ओता. ओला असताना आरपार स्वच्छ दिसला तर उरलेलं रबिंग कंपाउंडनं (घासून चमकवायच्या पेस्टनं) निघेल. ओल्यातही रेघा दिसल्या तर एक नंबर मागे जा. कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हातानं गोल गोल फिरवा. ड्रिलला पॅड लावणार असाल तर एका जागी धरू नका, प्लास्टिक तापून वितळतं. खाचांत आणि कंपनीच्या कोरलेल्या अक्षरांत अडकलेल्या रंगाला जुना टूथब्रश आणि पांढरी टूथपेस्ट. शेवटी साधं वॅक्स. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटसारखा याला वरून क्लिअर कोट लागत नाही, अ‍ॅक्रिलिक उन्हात तसं टिकतं.

पुन्हा ‘नीट’ टिंट मारायचा बेत असेल तर एक सांगतो. बल्बच्या साध्या दिव्यात बल्बच्या आतली पार्किंगची तार (फिलामेंट) 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची असते. त्या फरकावरूनच मागच्याला कळतं की तुम्ही ब्रेक दाबला. काळा थर दोन्हींचा उजेड खातो, शिवाय दिव्यातला रिफ्लेक्टरही आंधळा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. माझ्यामागे बाइकवर येणारा मित्र डिसेंबरच्या धुक्यात वर्धा रोडवर मला म्हणाला होता, ‘भाऊ, तू थांबला हे मला तुझी नंबर प्लेट जवळ आल्यावर समजलं.’

दिवा परत बसवल्यावर रात्री कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः गल्लीच्या टोकाला उभं राहून बघा. माझ्या गाडीचा डावा आता नवाकोरा आहे, उजवा घासलेला. दिवसा जवळून पाहिलं तर उजव्याचा लाल किंचित फिका वाटतो, पण भावाशिवाय अजून कुणी ओळखलं नाही.